तात्पर्य कोणी काढावयाचे?



मराठी माणसाची इसापाशी ओळख बहुधा शाळेच्या बाकावर होते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली या ग्रीक गोष्टी मराठीत आणल्या आणि पुढे 'इसापनीती' हे नाव घरोघरी पोचले. त्या नावातच एक गृहीत दडलेले आहे. या गोष्टी नीती शिकविण्यासाठी आहेत, त्या मुलांसाठी आहेत, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी जे तात्पर्य असते ते सर्व काळी व सर्व स्थळी सारखेच खरे असते, असे सहज मानले जाते. तात्पर्य एकदा पाठ झाले की गोष्टीचा विचार करण्याची गरज उरत नाही. हे गृहीत तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्राचीन ग्रीसमध्ये या गोष्टी प्रौढ नागरिकांच्या सभेत आणि न्यायालयात सांगितल्या जात, आणि त्यांच्या परिणामावर कधी माणसाचे प्राण तर कधी नगराचे स्वातंत्र्य अवलंबून असे. मृत्युदंडाची वाट पाहणारा सॉक्रेटिस इ. स. पू. ३९९ मध्ये तुरुंगात इसापाच्या गोष्टींना पद्यरूप देत होता, असे प्लेटोने लिहून ठेवले आहे.

खुद्द इसापाविषयी विश्वसनीय माहिती थोडीच आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातील इतिहासकार हेरोडोटस सांगतो की, इसाप हा सामोस बेटावरील इआडमोन नावाच्या माणसाचा गुलाम होता. डेल्फीच्या लोकांनी पुढे देववाणीच्या आज्ञेवरून त्याच्या हत्येची भरपाई देऊ केली, तेव्हा ती घ्यावयास मालकाचा नातू तेवढा पुढे आला. ज्याच्या नावावर जगाने एवढे शहाणपण जमा केले, त्याच्या जिवाचे मोलही अखेर मालकाच्याच घराण्यात जमा झाले!

रोमन कवी फीड्रस हा स्वतः दास्यातून मुक्त झालेला होता. त्याने या कथाप्रकाराच्या उगमाचे कारण सांगितले आहे. शिक्षेच्या भयाने गुलामाला मनातले उघड बोलता येत नसे, म्हणून त्याने ते गोष्टीत गुंडाळले, असे तो म्हणतो. हे कारण सर्वस्वी पुरेसे नाही, कारण इसापाच्या पूर्वी हेसिअडसारख्या स्वतंत्र शेतकरी कवीनेही पशुपक्ष्यांची गोष्ट सांगितली आहे. परंतु दुर्बलाने बलवानासमोर बोलण्याची ही एक रीत होती, हा फीड्रसचा अनुभव मात्र खरा आहे.

तथापि ही रीत केवळ दुर्बलांच्या हाती राहिली असे समजणे भाबडेपणाचे होईल. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात अशा गोष्टी सभेतील भाषणास उपयुक्त असतात असे म्हटले आहे आणि दोन उदाहरणे दिली आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

पहिले उदाहरण सिसिलीतील हिमेरा नगराचे आहे. तेथील नागरिकांनी फालारिस याला सर्वाधिकारी सेनापती नेमले होते आणि आता ते त्याला अंगरक्षकांचे पथक देण्याच्या विचारात होते. तेव्हा स्टेसिकोरस या कवीने त्यांना एक गोष्ट सांगितली. एका कुरणावर घोड्याचा एकट्याचा ताबा होता. हरिणाने येऊन ते कुरण तुडविले. सूड घेण्यासाठी घोडा माणसाकडे गेला. माणूस म्हणाला, "लगाम घालून घे आणि मला भाले घेऊन पाठीवर बसू दे." घोड्याने मान्य केले. हरिणाचा सूड राहिला बाजूला, घोडाच माणसाचा गुलाम झाला. लगाम तुम्ही आधीच घालून घेतला आहे, आता पाठीवर बसू द्याल तर सुटका नाही, असे कवीने नगराला बजावले.

दुसरे उदाहरण सामोसचे, आणि येथे वक्ता आहे साक्षात इसाप. एका पुढाऱ्यावर देहदंडाच्या गुन्ह्याचा खटला चालू होता आणि इसाप त्याचा बचाव करीत होता. नदी ओलांडताना एक कोल्ही घळीत पडली. तिला वर येता येईना. बराच काळ ती तेथे खितपत पडली आणि तिच्या अंगाला गोचिडी लागल्या. अंगावर काटे असलेला एक लहानसा प्राणी तेथून चालला होता. त्याने दयेने विचारले, "गोचिडी काढू का?" कोल्ही नको म्हणाली. या गोचिडींची पोटे भरली आहेत, त्या आता थोडेच रक्त पितात. या काढल्या तर दुसऱ्या भुकेल्या येतील आणि उरलेले रक्त पिऊन टाकतील, असे तिचे म्हणणे. इसापाने सामोसवासीयांना सांगितले की, हा माणूस आता श्रीमंत झाला आहे, त्याच्यापासून तुम्हाला आणखी उपद्रव नाही. याला माराल तर दुसरे निर्धन येतील आणि सार्वजनिक पैसा लुटतील.

हा युक्तिवाद ओळखीचा वाटावा असा आहे. 'याचे पोट भरले आहे, नवा आला तर पुन्हा पहिल्यापासून खाईल' हे वाक्य निवडणुकीच्या दिवसांत चहाच्या टपरीवर सहज ऐकू येते, आणि ते बोलणारा स्वतःला व्यवहारचतुर समजतो. गुलाम इसापाची गोष्ट येथे धनवान पुढाऱ्याच्या कामी आली आहे. पहिल्या गोष्टीने नगराला सावध केले, दुसरी त्याला सहनशील बनविते. मग कालातीत शहाणपण कोणत्या गोष्टीत मानावयाचे?

याचे उत्तर गोष्टीतच आहे, फक्त तात्पर्य बाजूला ठेवून ती पुन्हा वाचावी लागते. कोल्हीला गोचिडी का लागल्या? ती घळीत अडकून पडली होती म्हणून. गोचिडी काढाव्या की राहू द्याव्या, एवढाच प्रश्न सभेपुढे ठेवण्यात आला. कोल्हीला घळीतून बाहेर कोणी काढावयाचे, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. जोवर ती तेथे पडून आहे तोवर कोल्हीचा हिशेब बरोबर आहे. ती आपल्या पायांवर उभी राहिली, हिंडूफिरू लागली, तर मात्र तो हिशेब कोसळतो. सार्वजनिक पैशावर सर्वांची नजर राहील अशी व्यवस्था जेथे नाही, तेथे भरल्या पोटाचा चोर आणि रिकाम्या पोटाचा चोर एवढीच निवड उरते. निवड अपुरी आहे हे ओळखणे, हा या गोष्टीचा खरा लाभ होय.

हीच कसोटी रोममधील एका प्रसिद्ध प्रसंगाला लावून पाहावी, कारण तेथे सांगितलेली पोट व अवयव यांची गोष्ट इसापाच्या संग्रहांतही सापडते. इतिहासकार लिव्ही लिहितो की, इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाच्या जाचाने गांजलेले सामान्य रोमन लोक नगर सोडून एका टेकडीवर जाऊन बसले. उमरावांच्या वतीने मेनेनियस अग्रिपा त्यांच्याकडे गेला. पोट काही काम न करता खाते म्हणून हातांनी, तोंडाने, दातांनी काम थांबविले आणि सारे शरीरच क्षीण झाले, कारण पोट अन्न पचवून त्याचे रक्त सर्वांना परत देत होते, अशी गोष्ट त्याने सांगितली. लोकांची मने वळली, असे लिव्ही म्हणतो. परंतु लोक केवळ गोष्ट ऐकून परतले नाहीत. त्यांच्या रक्षणासाठी ट्रिब्यून हे पद निर्माण झाले, त्यांच्या अंगाला हात लावणे निषिद्ध ठरले, आणि उमरावांना ते पद बंद राहिले. पोट सर्वांना रक्त परत देते हा दावा त्यांनी ऐकून घेतला, पण ते खरोखर परत मिळते की नाही हे पाहणारा आपला माणूसही नेमून घेतला. कर्जापायी माणसाला बांधून ठेवण्याची प्रथा बंद होण्यास मात्र लिव्हीच्याच वृत्तान्ताप्रमाणे इ. स. पू. ३२६ हे साल उजाडावे लागले. पोटाचा हिशेब तपासणे हे एका दिवसाचे काम नव्हते.

कोणी म्हणेल की, इसापाच्या जगात बळी तोच कान पिळी हाच अखेरचा कायदा दिसतो. लांडग्याच्या गोष्टीत कोकरू प्रवाहाच्या खालच्या बाजूला उभे असते, तरी पाणी गढूळ केल्याचा आरोप त्याच्यावर येतो. कोकरू आरोप खोडून काढते, आणि तरीही खाल्ले जाते. सशांनी सभेत समानतेची मागणी केली तेव्हा, तुमच्या भाषणाला नखे आणि दात कोठे आहेत, असे सिंहांनी विचारले. ही वर्णने कठोर आहेत, पण खोटी नाहीत. सत्य बाजूला असले म्हणजे संरक्षण मिळतेच, या भ्रमात राहणाऱ्या सज्जनांनी ती अवश्य वाचावीत. परंतु वर्णन म्हणजे आज्ञा नव्हे. हेसिअडने ससाणा आणि बुलबुल यांची गोष्ट राजांना उद्देशून सांगितली. नखांत सापडलेल्या पक्ष्याला ससाणा बळाची भाषा ऐकवितो. पुढे तोच कवी म्हणतो की, मासे, पशू आणि पक्षी एकमेकांना खातात, कारण त्यांच्यात न्याय नाही. माणसाला मात्र न्याय दिलेला आहे. पशूंची गोष्ट माणसाला सांगावयाची ती याचसाठी, की त्याने आपण पशू नाही हे सभेत सिद्ध करावे.

शेवटी फीड्रसच्या गाढवाची आठवण ठेवावी. शत्रू चालून आला तेव्हा म्हातारा धनी गाढवाला म्हणाला, "पळ, नाहीतर पकडले जाऊ." गाढवाने विचारले, "जिंकणारा माझ्या पाठीवर दोन ओझी लादील काय?" धनी म्हणाला, "नाही." "मग मी कोणाचे ओझे वाहतो याने काय फरक पडतो?" सत्तापालटाने गरिबाच्या बाबतीत केवळ धन्याचे नाव बदलते, असे फीड्रसने त्यातून सुचविले आहे. हे उद्गार निराशेचे मानण्याचे कारण नाही. गाढवाने सत्तांतर मोजण्याचे एक माप दिले आहे. घोषणा कोणत्या झाल्या, ध्वज कोणता चढला, हे पाहून झाल्यावर पाठीवरचे ओझे मोजावे. ते उतरले असेल तर फरक पडला, तसेच असेल तर नाही. हे माप विरोधकांच्या राजवटीला लावणे सोपे असते. आपल्या माणसांच्या राजवटीलाही ते तितक्याच कठोरपणे लावणे, ही कार्यकर्त्याची कसोटी होय.

गोष्टींना आज जोडलेली बरीचशी तात्पर्ये नंतरच्या संग्राहकांनी जोडली, आणि एकाच गोष्टीला निरनिराळ्या संग्रहांत निरनिराळी तात्पर्ये मिळाली. म्हणून ती टाकून द्यावीत असे नाही. ती एका श्रोत्याचे मत म्हणून ऐकावीत. गावच्या बैठकीत, कामगारांच्या सभेत अथवा अभ्यासवर्गात यापैकी एखादी गोष्ट जरूर सांगावी. ती कोण सांगत आहे, कोणाला सांगत आहे, आणि तिने कोणता प्रश्न विचारायचा ठेवला आहे, हे श्रोत्यांना विचारावे, आणि वक्त्याने तेथे थांबावे. तात्पर्य काढण्याचा अधिकार ज्यांच्या पाठीवर ओझे आहे त्यांचा आहे.