न नांगरता भात

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात आज भाताचं खाचर शोधूनही सापडायचं नाही, पण संध्याकाळी घरोघरी कुकरमध्ये तांदूळ शिजतोच. तो पिकवताना जमीन झिजू नये, यासाठी रायगड जिल्ह्यात एक वेगळी वाट निघाली. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राईस टेक्निक', म्हणजेच एसआरटी, विकसित केलं.

कोकणातली नेहमीची रीत म्हणजे राब भाजायचा, रोपं वाढवायची, चिखलणी करायची आणि वाकून लावणी. एसआरटीत यातलं काहीच नाही! साधारण मीटरभर रुंदीचे गादीवाफे एकदाच करायचे. लोखंडी साच्यानं २५ सेंटिमीटर अंतरावर छिद्रं पाडायची आणि प्रत्येकात तीन-चार दाणे टोकायचे. कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच ठेवायची. ती कुजतात, सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळं येतात. त्याच वाफ्यांवर, न नांगरता, हिवाळ्यात वाल किंवा हरभरा घेता येतो. शिवाय नेहमीच्या खाचरात साचलेल्या पाण्याखाली प्राणवायूविना जगणारे जिवाणू मिथेन वायू तयार करतात. इथे पाणी कमी तुंबतं, म्हणून मिथेनही कमी.

एक खोट मात्र सांगायलाच हवी. या पद्धतीत खोडवा आणि तण मारायला तणनाशक वापरतात आणि माझ्या मते तिची खरी कसोटी तिथेच आहे. मजूर असतील, तर हातानं बेणणी करणं केव्हाही बरं. पण ऐन आषाढात मजूर मिळवून दाखवा!