साथीचे ऋण
(वार्षिक स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ वादक सभासदांनी सत्कारास उत्तर देताना केलेले भाषण)



आपण आज माझा जो गौरव केलात त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. सभेत बोलण्याची मला सवय नाही. साठ वर्षे मी दुसऱ्यांच्या मागे किंवा बाजूला बसून वाजवीत आलो. मधोमध बसण्याचा प्रसंग क्वचितच आला. तेव्हा भाषणात कोठे ताल चुकला तर आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

आपल्या गुरव समाजाकडे पिढ्यान् पिढ्या शिवालयाची पूजा आणि देवापुढील वाद्यसेवा चालत आली, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आमचे घर सातारा जिल्ह्यातले. सकाळी बेल आणावयाचा, पत्रावळी लावावयाच्या आणि सायंकाळी आरतीनंतर पखवाज वाजवावयाचा, असा वडिलांचा नेम होता. माझे पहिले शिक्षण झाले ते बोलांचे नव्हे, तर कणकेचे. पखवाजाच्या डाव्या पुडीवर गव्हाची ओली कणीक थापावी लागते. ती सैल झाली तर नाद फसफसतो, घट्ट झाली तर कोरडा पडतो, आणि वाजविता वाजविता ती सुकू लागली की पाण्याचा हात लावून पुन्हा ताळ्यावर आणावी लागते. वाजवून झाल्यावर ती खरवडून पुडी स्वच्छ पुसून ठेवावयाची. दोन वर्षे माझ्याकडे एवढेच काम होते. त्या वेळी त्याचा कंटाळा येई. परंतु नाद ओळखण्याचे कान मला त्या कणकेनेच दिले, असे आज वाटते.

घरात माझे थोरले चुलते वडिलांहून मोठे वादक होते. काही विशेष परणी त्यांनी आपल्या गुरूकडून मिळविल्या होत्या आणि त्या ते जिवापाड जपत. त्या वाजवीत असता कोणी उंबऱ्याशी येऊन उभे राहिले की ते हात थांबवीत. मग तो सख्खा भाऊ का असेना. 1961 साली ते गेले. त्यानंतर एका सायंकाळी वडिलांनी देवळात त्यांतील एक परण सुरू केली आणि मध्येच थांबले. पुढचे त्यांना येत नव्हते. तेवढीच अर्धी परण ते पुढे अनेक वर्षे वाजवीत आणि त्याच ठिकाणी थांबत. त्या थांबण्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला.

याच वाईच्या परिसरातून एकोणिसाव्या शतकात नाना पानसे निघाले आणि इंदूरच्या होळकर दरबारी फार मोठे पखवाजवादक म्हणून नावारूपास आले. त्यांनी शिष्यांना हात राखून शिकविले नाही. त्यांचे वादन त्यांच्या मागे महाराष्ट्रात आणि मध्य भारतात पसरले ते त्या शिष्यशाखेमुळे. विद्या तीच, एका घरी ती उंबऱ्याशी अडली, दुसऱ्या घरातून ती मुलूखभर गेली.

1963 साली मी पुण्यास आलो. दिवसा कचेरीत कारकुनी करावयाची आणि पहाटे चार ते सात रियाज, हा क्रम लागला. ख्यालाच्या साथीस तबला हवा, म्हणून पखवाजाचा हात तबल्याकडे वळविला. पखवाजाचा खुला पंजा तबल्यावर चालत नाही. तेथे बोटांचे काम आहे. गुरुजींनी पहिले सहा महिने 'तिरकिट'खेरीज दुसरे काही वाजवू दिले नाही, आणि त्यानंतर एकच कायदा वर्षभर. चाळीतल्या शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून मी तबल्यावर पंचा घालून वाजवीत असे. पंचाखाली नाद मुका होतो, परंतु कोणते बोट आळशी आहे ते बरोबर समजते. आमच्या मंडळींनी हा खटाटोप पन्नास वर्षे सोसला. त्यांचा सत्कार मंडळाने आधी करावयास हवा होता.

रियाजाने हात तयार होतो, यात शंका नाही. परंतु तयार हाताने काय वाजवावे आणि काय वाजवू नये, हे एकट्याच्या खोलीत शिकता येत नाही. ते मला ज्यांनी शिकविले, त्या मित्राविषयी आज विशेष करून सांगावयाचे आहे.

हे गृहस्थ ख्याल गात. आम्ही एका वयाचे. त्यांच्या खोलीवर रोज सायंकाळी गाणे, पेटी व तबला अशी तिघांची बैठक जमे. 1969 साली एका गावी त्यांची मैफल होती आणि साथीस मी होतो. विलंबित एकताल चालला होता. हात तयार, अंगात तारुण्य, समोर भरलेली सभा! ते गंधारावर स्थिरावून, अगदी हलकेच मुखड्याकडे येण्याच्या विचारात होते. ती रिकामी जागा मला सहन झाली नाही. मी लांबलचक तिहाई घेऊन धाडकन समेवर आलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. ते मंद हसले आणि पुढे गात राहिले; पण त्या रात्री त्यांचे गाणे पुन्हा जमले नाही. परतीच्या मोटारीत मी टाळ्यांच्याच धुंदीत होतो. उतरताना ते एवढेच म्हणाले, "तू छान वाजवलेस. मला मात्र गायला जागा उरली नाही."

त्यानंतर तीन वर्षे त्यांनी मला बोलाविले नाही. मीही मानी, गेलो नाही. मनात म्हणे, समेवर आलो, मात्रा चुकली नाही, मग माझा दोष कोणता?

त्याच काळात, 1971 साली, मुंबईत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे वादन ऐकण्याचा योग आला. खाँसाहेब मूळचे मुरादाबादचे. मुंबईत उस्ताद मुनीर खाँ यांच्याजवळ शिकले आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीस राहिले. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर थिरकवा आणि समोर नारायणराव, असा तो संच होता. नंतर त्यांनी रामपूर दरबारी आणि लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात काम केले. 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1976 साली ते निवर्तले. त्या दिवशी त्यांचा स्वतंत्र तबला ऐकून मी दिपून गेलो. वय झालेले, पण प्रत्येक अक्षर मोत्यासारखे सुटे. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी गंधर्व मंडळीची नाटके पाहिली होती. ते मला हळूच म्हणाले, "हाच माणूस पदाच्या मागे बसला की किती थोडे वाजवीत असे, ते तुम्ही ऐकायला हवे होते."

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले. नाटकाच्या पदात नट गातो आणि भूमिकाही करतो. शब्द, भाव, मुद्रा सर्व सांभाळावयाचे असते. तेथे तबलजीने आपलीच विद्या मांडली तर पदही जाते आणि नाटकही जाते. ज्याच्या हाती एवढे भांडार, त्याने ते उघडण्याची वेळ ओळखून राहावे. आणि माझ्या हाती चार तिहाया, तर त्या दवंडी पिटल्यासारख्या वाजवाव्यात! माझा दोष मला त्या दिवशी समजला.

1972 मध्ये मित्रांचा नेहमीचा तबलजी आयत्या वेळी आजारी पडला आणि त्यांनी मला निरोप धाडला. त्या रात्री मी ठेक्याबाहेर जवळजवळ गेलोच नाही. फक्त ठेक्याचे वजन आणि लय त्यांच्या गळ्याप्रमाणे राखली. मैफल संपल्यावर त्यांनी तानपुरा खाली ठेवला आणि म्हणाले, "आज गायलो." मागच्या प्रसंगाचा उच्चार त्यांनी केला नाही, मीही केला नाही. पुढे सत्तेचाळीस वर्षे आम्ही एकत्र बसलो.

नव्या रचना कशा सुचतात, असे विद्यार्थी मला विचारतात. माझ्या नावावर पाचपन्नास कायदे-तुकडे आहेत. त्यांतले बहुतेक विसरले गेले तरी चालेल. एक मात्र माझा आवडता आहे. सत्तरीनंतर मित्रांचा दम कमी पडू लागला. त्रितालातील एक बंदिश ते नेहमी गात. तिचा मुखडा कालापासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठे. तान संपली की मुखडा उचलण्यापूर्वी त्यांना चार मात्रा श्वास हवा असे आणि तो श्वास श्रोत्यांच्या ध्यानात येऊ नये, अशी त्यांची इच्छा असे. म्हणून मी पाचवीपासून आठवीपर्यंत चार मात्रांचा एक तुकडा बांधला आणि त्याचा शेवटचा 'धा' मुद्दाम गाळला. तुकडा आठव्या मात्रेवर संपे, काल मोकळा राही, आणि त्या मोकळ्या जागेत मुखडा अलगद येई. पहिल्यांदा ऐकून ते हसले. म्हणाले, "हा कोणत्या घराण्याचा?" मी म्हणालो, "तुमच्या धापेच्या."

2019 साली ते गेले. माझे विद्यार्थी तो तुकडा आज सफाईने वाजवितात, टाळ्याही घेतात. मी त्यांना सांगतो, गायकाला श्वास हवा असेल तेथे तो वाजवा. इतर ठिकाणी त्याचे काम नाही.

आता आपल्या मुलांविषयी दोन शब्द बोलून संपवितो. हल्ली भ्रमणध्वनीवर लेहरा मिळतो. ही सोय मोठी आहे. आम्हास ती असती तर पेटीवाल्या मित्राला पहाटे उठवावे लागले नसते. त्यावर खुशाल रियाज करा. परंतु तो लेहरा दमत नाही, रुसत नाही, तुमच्यामुळे त्याची जागा बुडत नाही. म्हणून त्याच्याकडून लय पक्की होईल, साथ येणार नाही. साथ शिकावयाची तर कोणाच्या तरी मागे बसावे लागते, चुकावे लागते आणि ते ऐकून घ्यावे लागते.

तेव्हा मंडळास माझी नम्र सूचना अशी की, महिन्यातून एक सायंकाळ आपले सभागृह मुलामुलींसाठी मोकळे ठेवावे. कोणी अभंग म्हणेल, कोणी पेटी धरेल, कोणी तबला-पखवाज वाजवील. मोठा कार्यक्रम नको, तिकीट नको. माझ्याजवळच्या सर्व रचना मी दोन वह्यांत उतरवून काढल्या आहेत. त्यांत वडिलांची ती अर्धी परणही आहे, जेथे थांबली तेथपर्यंतच लिहिलेली. कोणाच्या घरी पुढचा भाग असेल तर त्याने अवश्य भर घालावी. या वह्या आज मी मंडळाच्या स्वाधीन करीत आहे. ज्याला हव्या त्याने उतरवून घ्याव्यात. कोणास विचारण्याची आवश्यकता नाही.

आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत. आजची साथ आपण केलीत.