पताका आणि उंबरठा

बोदवडच्या उत्तरेस, तापी-पूर्णेच्या खोऱ्यांत, मुक्ताबाईचें स्थान आहे. तेथून दरवर्षीं आषाढीकरितां पालखी निघते आणि महिनाभर चालून पंढरीस पोहोंचते. वारकऱ्याजवळ असतें काय? गळ्यांत तुळशीची माळ, कपाळीं गोपीचंदन, खांद्यावर पताका. मोल म्हणाल तर चार पैशांचें; पण ही माळ घातलेला माणूस दुसऱ्याच्या पायां पडतो, त्याला ‘माउली’ म्हणतो. स्वस्तपणा हेंच या चिन्हांचें बळ. सोन्याची माळ असती तर ती सावकाराच्याच गळ्यांत राहिली असती!

परंतु पंढरीच्या महाद्वारापाशीं दुसरें एक चिन्ह उभें होतें: उंबरठा. चौदाव्या शतकांतील चोखामेळ्याची समाधि द्वाराबाहेर आहे, आणि त्याच्या ज्ञातीच्या वारकऱ्यांची वाटहि शतकानुशतकें तेथेंच संपे. माळ सर्वांची एकच, देव एकच. आंत कोणीं जावयाचें, हें मात्र जन्म ठरवी. उंबरठ्याचे कैवारीहि पावित्र्याचेंच नांव घेत, हें विसरतां येत नाहीं.

डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांतच, फैजपुरास, राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. मंडपाची रचना नंदलाल बोस यांची, तीहि बांबू-तट्ट्यांची. वर चरख्याचा तिरंगा. पताकेमागें चालण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय असलेल्या कुणब्याला ध्वजामागें चालणें निराळें शिकवावें लागलें नसावें. भेद इतकाच कीं, हा ध्वज कोणा एका दैवताचा नव्हता.

त्या अधिवेशनासाठीं खपलेले, पूर्वीं अमळनेरच्या शाळेंत शिक्षक असलेले साने गुरुजी यांनीं ही दोन चिन्हें समोरासमोर आणिलीं. ध्वजाखालीं सारे समान, तर विठोबापुढें कां नाहींत? हरिजनांस मंदिर खुलें व्हावें म्हणून त्यांनीं १ मे १९४७ रोजीं पंढरपुरास उपोषण आरंभिलें. तें १० मे रोजीं सुटलें. त्याच वर्षीं मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें ध्वज स्वीकारला, तेव्हां चरख्याच्या जागीं सारनाथच्या स्तंभावरील अशोकाचें धर्मचक्र आलें होतें. बौद्धांचें हें पवित्र चिन्ह साऱ्या देशाचें झालें, आणि त्याविषयीं फारशी तक्रार कोणीं केली नाहीं.

पंढरपुरांत मात्र गति मंद. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें संपले ते २०१४ मध्यें. चोखोबाची समाधि आजहि द्वाराबाहेरच आहे. वारकरी आधीं तिच्यापुढें वांकतो, मग आंत जातो.