प्रार्थना आणि उपचार

सुरतेच्या उत्तरेस लोहमार्गावर कोसाड आहे. तेथील एखाद्या ख्रिस्ती घरात चार वर्षांच्या बालकास रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले, तर आईबाप बहुधा मुंबईची गाडी धरतात. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून याच रोगाशी झुंजत आहे. आईच्या हाती जपमाळ असते. गावी मिस्सेत बालकासाठी विनवणी होते. महिनाभराच्या औषधांनी पुष्कळदा रक्त निर्मळ दिसू लागते. मग वडीलधारी म्हणतात, “देवाने ऐकले, आता लेकराला सुया कशाला?”

श्रद्धेची खरी कसोटी येथेच लागते. रोगपेशी अस्थिमज्जेत दडून राहतात. म्हणून उपचार दोन-तीन वर्षे चालतात. मध्येच सोडल्यास रोग उलटण्याचे भय असते. १९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. फार्बर यांच्या औषधाने काही मुलांचा रोग ओसरला होता. पण तो परतला. चिकाटीचा हा धडा तेव्हापासूनचा आहे.

संत लूक स्वतः वैद्य होते, अशी ख्रिस्तसभेची परंपरा आहे. तेव्हा औषध चालू ठेवणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. बालक बरे होईलच, असे वचन जपमाळ देत नाही. परंतु थकलेल्या आईबापांस पुढच्या तारखेला पुन्हा गाडीत बसण्याचे बळ तीच देते.