संकटकाळी धर्मग्रामाचे कर्तव्य

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि या दोहोंच्या मधोमध एके काळची मिठागरे, खाजणे व भातखाचरे, अशा सखल भूमीवर आपले मीरा-भाईंदर शहर वसले आहे. 2001 च्या जनगणनेत येथे पाच लाख वीस हजार लोक होते. 2011 च्या जनगणनेत ही संख्या आठ लाख नऊ हजारांवर गेली. जेथे पूर्वी उधाणाचे पाणी येऊन निवांत पसरत असे तेथे आज इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, आणि म्हणून अतिवृष्टी व मोठी भरती यांची गाठ एकाच प्रहरी पडली म्हणजे ते पाणी आपली जुनी जागा शोधीत तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांत शिरते. शहराच्या पश्चिम टोकाला, धारावी बेटावर, उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावे आहेत. तेथील कोळी व शेतकरी समाजातील पुष्कळ कुटुंबे पोर्तुगीज अमदानीपासून ख्रिस्ती धर्माची उपासक असून, 1739 साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत हा मुलूख मराठी राज्यात आला तरी त्यांची बोली आणि त्यांची उपासना या दोन्ही गोष्टी अखंड चालत आल्या आहेत.

अशा या शहरात राहणाऱ्यांपुढे आज मला एक प्रश्न मांडावयाचा आहे. आपत्तीच्या वेळी दूरच्या देशांतून वा मोठ्या शहरांतून ख्रिस्ती संस्थांचे जे साह्य येते त्याचा आणि गावातल्या धर्मग्रामाचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, संबंध कसा असावा? द्रव्य कोठूनही येवो; ते कोणाच्या दारी प्रथम पोहोचले पाहिजे हे ठरविण्याचा अधिकार तेथे आधीपासून राहणाऱ्या आणि संकट सरल्यावरही तेथेच राहणाऱ्या माणसांकडे असावा, आणि त्या माणसांनी तो अधिकार केवळ आपल्या धर्मबांधवांपुरता वापरू नये, असे माझे मत आहे. यांतला पूर्वार्ध पुष्कळांना मान्य होतो. उत्तरार्ध आचरणात आणणे मात्र फार कठीण आहे.

बाहेरचे साह्य आणि स्थानिक माणसे यांची ही भागीदारी महाराष्ट्राला नवी नाही. 1899-1900 च्या भीषण दुष्काळात मुंबई इलाख्यातील दख्खन व गुजरात होरपळून निघाले असता, न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून वर्गणी जमवून ‘क्विटो’ नावाची आगबोट मक्याने भरून मुंबईस पाठविली. बोट बंदरात लागली की दानाचे काम संपले असे दात्याला वाटणे स्वाभाविक असते. परंतु खरे काम तेथून पुढे सुरू होते, कारण गोदीत उतरलेले धान्य आणि माळरानावरच्या वस्तीतील चूल यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर असते, आणि ते अंतर ज्याला प्रत्येक गावाची पायवाट ठाऊक आहे त्यालाच तोडता येते. हे काम निरनिराळ्या पंथांच्या मिशनांनी एकत्र येऊन अंगावर घेतले. अमेरिकन मराठी मिशनची माणसे 1831 पासून अहमदनगरात राहिलेली होती. तिच्या गावोगावच्या शाळांतील पंतोजी, उपदेशक आणि शुभवर्तमान सांगत फिरणाऱ्या स्त्रिया यांना कोणाच्या घरी कणगी रिकामी झाली आहे आणि कोण लाजेने तोंड उघडीत नाही, हे सरकारी दप्तराच्या आधी कळत असे. त्या मिशनच्या रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना दुष्काळातील कार्याबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. पण त्या पदकामागे ज्या मराठी ख्रिस्ती स्त्रीपुरुषांची पायपीट होती त्यांची नावे आपल्या इतिहासाने जपलेली नाहीत, ही खंत मला वाटते.

त्याच काळात पंडिता रमाबाईंनी जे केले ते तर सर्वस्वी स्वतंत्र स्वरूपाचे होते. 1874 साली, रमाबाई ऐन तारुण्यात असताना, त्यांचे आईवडील दुष्काळाने गेले होते. उपासमारीत माणसाचे शरीर कसे झिजते याहूनही, निराधार मुलीच्या भोवती कोणती गिधाडे घिरट्या घालू लागतात, हे त्या जाणत होत्या. म्हणून 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुलींना व तरुण विधवांना घेऊन आल्या आणि केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ सदनात त्यांना शिक्षण, हातचा धंदा आणि घर दिले. पुढे गुजरातेतूनही त्यांनी आणखी मुली आणल्या. परदेशातून त्यांना द्रव्य मिळत असे हे खरे. परंतु त्या द्रव्याचे काय करावे हे परदेशात ठरत नसे, ते केडगावात ठरत असे.

श्रोतेहो, या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. दुष्काळांनंतर मिशनांच्या आश्रयाला आलेली पुष्कळ माणसे व अनाथ मुले ख्रिस्ती झाली, आणि भाकरीच्या मोबदल्यात धर्म घेतला हा ठपका त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या माथी मारला गेला. यांतील कित्येकांची श्रद्धा निखळ होती व त्यांच्या नातवंडांनी ती आजवर निष्ठेने सांभाळली आहे. त्यांचा उपमर्द करणे अन्यायाचे होईल. तथापि जो उपाशी आहे त्याच्या होकाराला श्रद्धा समजणे हा त्या माणसाचा जितका अपमान आहे तितकाच श्रद्धेचाही आहे, असे मी ख्रिस्ती संस्थांनाच प्रथम सांगेन. समाधानाची गोष्ट अशी की, हे त्यांनी स्वतःच मान्य केले आहे. 1994 साली रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी आपत्तिनिवारणाची जी आचारसंहिता तयार झाली तिच्या पुरस्कर्त्यांत कॅथलिकांची ‘कारितास इंटरनॅशनालिस’, ‘लुथरन वर्ल्ड फेडरेशन’ आणि ‘वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस’ या संस्था होत्या. वंश, पंथ वा राष्ट्र न पाहता केवळ गरज पाहून साह्य द्यावे, कोणत्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी त्याचा उपयोग करू नये आणि निवारणकार्य स्थानिकांच्या सामर्थ्यावर उभारावे, ही तत्त्वे त्या संहितेच्या दहा कलमांत आहेत. भारतातील ‘कासा’ ही प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चांची संस्था 1947 साली फाळणीच्या निर्वासितांसाठी निर्माण झाली आणि ‘कारितास इंडिया’ 1962 साली स्थापन झाली. निर्वासिताला त्याचा धर्म विचारून त्याच्या अंगावर घोंगडी घालता येत नाही, हा धडा ‘कासा’ला जन्मापासूनच मिळालेला आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. नोव्हेंबर 2009 मध्ये ‘फयान’, जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ आणि मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ अशी चक्रीवादळे बारा वर्षांच्या आत कोकणच्या समुद्राने पाहिली. वादळ सरले म्हणजे तलाठी पंचनाम्याला येतो. पडलेली भिंत, उडालेले छप्पर, फुटलेली होडी यांची तो नोंद करतो, आणि नौकेच्या व जाळ्यांच्या भरपाईची तरतूदही सरकारी निकषांत आहे. परंतु वलांडीवर वाळत घातलेले बोंबील पावसात कुजले आणि त्यांबरोबर कोळणीचे हंगामभराचे भांडवल गेले, याचा पंचनामा कोण करणार? होडी मालकाच्या नावे असते. तिच्यावर राबणाऱ्या बाहेरगावच्या खलाशाची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहावी? ज्या घरात भाऊबंदकीमुळे दस्तऐवज अजून मृत आजोबांच्या नावावर आहेत, तेथे दाखला कोणी आणावयाचा? या प्रश्नांची उत्तरे धर्मग्रामाला बहुधा ठाऊक असतात. जन्म, विवाह व मृत्यू यांच्या त्याच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्यांच्या असतात. मुंबईच्या महाधर्मप्रांतात लघु ख्रिस्ती समूहांची जी रचना आहे तिच्यामुळे गल्लीगल्लीतील आजारी, वृद्ध आणि एकटी माणसे कोणाच्या ना कोणाच्या नित्य परिचयाची असतात. बाहेरून आलेल्या अत्यंत सद्भावी कार्यकर्त्याला ही माहिती एका आठवड्यात मिळणे अशक्य आहे.

परंतु या ज्ञानाची मर्यादाही तेथेच आहे. धर्मग्रामाच्या वहीत जो आहे तोच त्याला दिसतो. मीरा रोडच्या तळमजल्यावर भाड्याने राहणारे उत्तरेकडील कुटुंब, मुस्लिम विधवा, बांधकामावरचा मजूर, डोंगरीच्या पायथ्याची आदिवासी वस्ती, यांची नावे कोणत्याच नोंदवहीत नसतात, आणि पाणी मात्र यांच्याच घरात आधी शिरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या रात्री मुंबई व उपनगरांतील चर्च, मशिदी, मंदिरे, गुरुद्वारे आणि शाळा यांनी अडकलेल्या वाटसरूंना आसरा दिला, तेव्हा कोणी कोणाचे नाव विचारले नाही. हा उदारपणा एका रात्रीपुरता सुचतो. पुढचे सहा महिने शिधा, औषधे व घरदुरुस्तीची रक्कम वाटावयाची वेळ आली म्हणजे आपली माणसे आणि परकी माणसे हा भेद हळूच मान वर काढतो. स्थानिक चर्चच्या परीक्षेचा काळ तो आहे.

ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला तेव्हा तेथील मच्छीमारांनी, ज्यांत लॅटिन कॅथलिकांची संख्या मोठी होती आणि मुसलमान व हिंदूही होते, सरकारी पथके वाटेत असतानाच आपल्या होड्या मालमोटारींवर चढविल्या, समुद्रकिनाऱ्यापासून दूर आतल्या जिल्ह्यांत नेल्या आणि छपरांवर बसलेल्या हजारो माणसांना खाली उतरविले. साह्याची हाक तेथे कित्येक गावी चर्चमधूनच दिली गेली होती. उत्तनच्या कोळ्याजवळही होडी आहे, पाण्याची पारख आहे. मीरा रोडवर पाणी चढले असता त्याला हाक मारण्याची काही पूर्वनियोजित व्यवस्था आपण केली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते. तो समाज केवळ मदत घेणारा आहे ही समजूत त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

कायद्याचीही एक अडचण आहे. परकीय अंशदानासंबंधीच्या कायद्यात 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर, परदेशातून मिळालेला निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेने पैसा घ्यावा आणि गावच्या लहान संस्थेने तो वाटावा, ही जुनी पद्धत त्यामुळे बंद झाली. म्हणून स्थानिक धर्मग्रामाने परदेशी द्रव्याची वाट न पाहता आपला स्वतःचा संकटनिधी, मग तो कितीही अल्प असो, आपल्याच लोकांच्या वर्गणीतून उभा करावा आणि त्याचा हिशेब दर साल जाहीर वाचून दाखवावा.

निधीबरोबर माहितीचीही तयारी हवी. जून व जुलै महिन्यांत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, आणि माणसे घरी असतात. धर्मग्रामाच्या तरुणांनी, पावसाचा जोर वाढण्यापूर्वी, सखल भागातील प्रत्येक बिऱ्हाडी जाऊन, तेथे कोणाचा कोणता देव आहे हे न विचारता, म्हातारी माणसे किती, तान्ही मुले किती, अंथरुणाला खिळलेले कोण, हे त्या लोकांच्या संमतीने लिहून घ्यावे. आणि त्या यादीची एक प्रत महानगरपालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे, एक मच्छीमार सहकारी संस्थेकडे आणि एक शेजारच्या मशिदीच्या व मंदिराच्या विश्वस्तांकडे द्यावी.