बालेवाडीतला तो आठवडा



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण लवकरच कुठेतरी रुजू व्हाल. स्वतःचा पगार ठरवून घ्याल आणि काही वर्षांनी दुसऱ्यांचा ठरवाल. म्हणून आपल्या पुण्यातच घडलेली एक गोष्ट आज सांगतो. तेव्हा तुम्ही फार लहान होता.

जानेवारी २०१०. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात भारतीय पुरुष हॉकी संघाचं शिबिर चालू होतं. विश्वचषक दिल्लीत, २८ फेब्रुवारीपासून. हातात जेमतेम सात आठवडे, आणि खेळाडूंनी सांगून टाकलं की आमचे पैसे मिळेपर्यंत आम्ही सरावाला उतरणार नाही. देशातल्या हॉकीचा कारभार पाहणाऱ्या हॉकी इंडियाने प्रत्येकी २५,००० रुपये देऊ केले. कर्णधार राजपाल सिंगच्या संघाने ते नाकारले. स्पेनहून आलेले प्रशिक्षक होजे ब्रासा यांच्यापुढे विश्वचषकाच्या तोंडावर रिकामं मैदान होतं.

देशासाठी खेळायचं तर पैशाचं काय घेऊन बसलात, असं तेव्हा पुष्कळांनी सुनावलं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. या मुलांची चूल पेटायची ती रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या इथल्या नोकऱ्यांवर. क्रिकेटपटूंना क्रिकेट मंडळाचे वार्षिक करार आधीपासूनच मिळत होते. हॉकीत भारताकडून खेळण्याचा मोबदला काय आणि तो कधी मिळणार, हे कुठे धड ठरलेलंच नव्हतं. खेळाडूंना श्रेणीनुसार ठरलेलं मानधन हवं होतं. ही मागणी मला अगदी रास्त वाटते.

असं काही ठरलेलं नसलं की संघाचं काय होतं, ते समजायला पेनल्टी कॉर्नर डोळ्यांपुढे आणा. एक जण गोलच्या बाजूच्या मागच्या रेषेवरून (बॅकलाइन) चेंडू बाहेर ढकलतो. दुसरा वर्तुळाच्या टोकाशी वाकून तो स्टिकने जागच्या जागी थांबवतो. तिसरा तो स्टिकने ओढत गोलाकडे भिरकावतो, म्हणजे ड्रॅग-फ्लिक मारतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो तिसऱ्याचा. ढकलणाऱ्याचा चेंडू वीतभर इकडेतिकडे गेला तर त्या ताऱ्याचं मनगट काय करणार? तिघांचा एकमेकांवर विश्वास असावा लागतो, आणि तो रोजच्या सरावातून येतो. अशा ताऱ्याचा करार लोंबकळत राहिला की संघात कुजबुज सुरू होते: याला किती, मग मला का नाही, हा उद्या असेल की नाही. प्रशिक्षक फळ्यावर चाल समजावत असतो आणि निम्म्यांचं लक्ष फोनकडे असतं. कमी पैशांत माणूस जिद्दीने खेळतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. टोलवाटोलवीने मात्र तो आतून खचतो.

अशा टोलवाटोलवीविरुद्ध बोलण्याची सगळ्यात मोठी किंमत मोजली ती आपल्या खडकीच्या पोराने. धनराज पिल्लेचे वडील दारूगोळा कारखान्यात मैदानाची देखभाल करायचे. हा तिथेच मोडक्या स्टिका जोडून खेळायला शिकला. १९९८ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्ण जिंकलं. त्यानंतर पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेसाठी संघ निवडला, तर धनराज आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू बाहेर. तेव्हाचा भारतीय हॉकी महासंघ म्हणाला, विश्रांती दिली आहे. भत्ते आणि सोयींबद्दल तोंड उघडल्याची ही शिक्षा, असं हॉकीतली बहुतेक माणसं मानतात, मीही मानतो. ज्याने सुवर्ण आणलं त्याचं हे झालं, तर बाकावर बसलेल्या नव्या पोराने काय शिकायचं?

बालेवाडीत त्या मानाने बरं घडलं, कारण तिथे कोणी एकटा पडला नाही. नावाजलेले आणि नवखे एका रांगेत उभे राहिले. आठवड्याभरात सुमारे एक कोटी रुपयांवर तोडगा निघाला आणि सराव सुरू झाला. विश्वचषकात पहिल्याच सामन्यात पाकिस्तानला ४-१ने हरवलं, त्यात संदीप सिंगचे दोन गोल. पुढे ऑस्ट्रेलिया, स्पेन, इंग्लंड यांच्याकडून हार, आणि शेवटी आठवा क्रमांक. त्याचं खापर एका बुडालेल्या आठवड्यावर फोडणार नाही. ऑस्ट्रेलियाने तर तो विश्वचषकच जिंकला. पण जो करार वर्षभर आधी शांतपणे करता आला असता, तो स्पर्धेच्या तोंडावर भांडून का करावा लागला, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसाल तेव्हा "बघू" म्हणू नका. देता येत नसेल तर तसं लेखी सांगा आणि तारीख द्या.

आणखी एक. त्याच जानेवारीत भोपाळच्या शिबिरात महिला संघाच्या मुली काळ्या फिती लावून आपल्या पैशांसाठी आवाज उठवत होत्या. त्यांनी सराव थांबवला नव्हता, म्हणून त्यांची बातमी मागे पडली. आज इथे बसलेल्या मुलींना माझी खास विनंती आहे: पहिल्या नोकरीचं पत्र हातात पडेल तेव्हा शेजारच्या मुलाला किती देऊ केलेत, हे न संकोचता विचारा.