वस्तूचा भूतकाळ पुसू नका



आज मला एकाच विषयावर बोलायचे आहे : टाकून दिलेल्या वस्तूंतून घडणारी कला. ही परदेशातून आलेली टूम आहे, असे आपल्यातले अनेक जण आजही मानतात.

कोल्हापूरकरांनी तरी असे मानू नये. आनंदराव आणि बाबूराव या इथल्याच पेंटर बंधूंनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला, त्यावर सिनेमे दाखवले आणि यंत्राचे मर्म समजून घेत स्वतःचा कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून ते काम तडीस नेले आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. वापरून जुन्या झालेल्या वस्तूकडे शिकण्याच्या भुकेने पाहणारी नजर या मातीत तेव्हापासून आहे.

त्याच सुमारास, १९१७ मध्ये, मार्सेल द्युशाँ यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी मुतारीचे भांडे पाठवले आणि कलाविश्व हादरले. पण ते भांडे दुकानातून आणलेले होते. त्याला भूतकाळ नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाचे तुकडे जोडून चित्रे केली, तेव्हा कोलमडलेला जर्मनी देशच त्यांत दिसू लागला. १९४२ मध्ये पिकासोने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके केले. त्यात बैल दिसतो आणि सायकलही दिसत राहते. या कलेचे सारे बळ त्या दुहेरी दिसण्यात आहे.

शाळेत आपण ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकवतो. मुलांच्या हाताला वळण लागते, त्याचे मोल मोठे आहे. पण तिथे बाटली रंगाखाली झाकायची असते. कलेत तिला बोलते करायचे असते. चंदीगड वसवताना जी गावे पाडली गेली, त्यांचा राडारोडा गोळा करून नेकचंद यांनी रॉक गार्डन उभारले. नव्या शहराने पुसलेली गावे तिथे अजून भेटतात. शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाची बुचे गुंफून साडी केली. आपले वस्त्र आणि खुल्या बाजारातले शीतपेय एकाच पदरात आले. बुचे ओळखू येईनाशी केली असती, तर त्या साडीत अर्थ उरला नसता.

आता आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगराकडे पाहा. फौंड्रीत रिजेक्ट झालेले कास्टिंग, लेथखाली साचलेला लोखंडी कीस, जुन्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग. हे भंगार भट्टीत गेले की त्यावर राबलेल्या हातांची खूणही वितळते. चप्पल कारागिराच्या दारातले कातड्याचे तुकडे आणि गणेश मंडळांच्या देखाव्यांचे उरलेले सांगाडे यांची गत वेगळी नाही. इथला सगळा श्रमाचा इतिहास त्यांत आहे, आणि आपले कलावर्ग मात्र अजून ठरावीक स्थिरचित्रे मांडून बसले आहेत.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, विद्यार्थ्याने भंगार उचलण्यापूर्वी कारखान्यात बसावे. तो भाग कशाचा, कसा घडला, का नाकारला गेला, हे कामगाराला विचारावे. दुसरी, कलाकृतीच्या पाटीवर वस्तू कुठून आली आणि ती कोणी वेचली, जोडली, हे लिहावे. विवान सुंदरम यांनी २००८ च्या ‘ट्रॅश’साठी कचरावेचकांच्या सोबतीने स्टुडिओत कचऱ्याचे शहर मांडले. असे काम करणाऱ्यांचे नाव आणि रास्त मजुरी दोन्ही त्यांच्या पदरात पडलीच पाहिजेत. तिसरी, नोंदी ठेवा. द्युशाँ यांचे मूळ भांडे हरवले. ते कसे होते हे आज कळते, ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी काढलेल्या छायाचित्रामुळे. आपल्या कलाकृतींना तर गंज चढणार, पावसाळा लागणार. छायाचित्रे आणि जोडणीची टिपणे पहिल्या दिवसापासून हवीत.

नवी कला सामान्य माणसाला कळत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. ज्या वस्तू त्याने घडवल्या, वापरल्या आणि टाकल्या, त्यांच्याविषयी त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. उद्यमनगरातला टर्नर आपल्या हातचा भाग ओळखेल, ‘हे असं का जोडलंय?’ म्हणून चित्रकाराशी हक्काने वाद घालेल, अशी प्रदर्शने या शहरात भरवू या. त्या वादातूनच आपली कला मोठी होईल.